मुस्तकीम पेंटरचं पाणमांजर

मुस्तकीम पेंटरची उभी हयात ट्रक रंगवण्यात गेली. मोर, गुलाब, गरुड, सगळं एकाच मापाचं, ताटाएवढं. गरुड मोठा की गुलाब, असली चौकशी कुठल्या ड्रायव्हरने कधी केली नाही. पुढे स्टिकर आले, फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यातच वाळायला लागले. म्हणून इंदिरानगरच्या नव्या बागेची भिंत चालून आली तेव्हा तो हरखून गेला. बागेचं काम बघणाऱ्या राखी मॅडमनी मात्र बजावलं होतं, "आधी एक चौकट रंगवून दाखवा. जमली तर सगळी भिंत तुमची, नाहीतर फ्लेक्स लावू."

चौकटीत पाणवठ्यावरचे दोन शिकारी हवे होते. हवेत डास टिपणारा चतुर आणि पाण्यात मासे धरणारं पाणमांजर. एक वाऱ्यावर स्वार होऊन समुद्रापार जाणारा, दुसरं आपल्या नदीला चिकटून राहणारं. मॅडमनी मोबाइलवर दोघांचे फोटो पाठवले, दोन्ही स्क्रीनभर. मुस्तकीमने दोन्ही तसेच, अर्धी-अर्धी चौकट भरून, एकाच मापाचे काढले. पाणमांजराच्या मिशीवर तर पाण्याचा थेंबसुद्धा चमकवला.

दुपारी त्याची बायको हुस्नबानो जेवणाचा डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"फलकचे अब्बा, हा किडा त्या मांजराला खाणार की काय?"

"किडा नाही, चतुर आहे तो!"

"मग बोटाएवढा असतो की तो! आणि पाणमांजर चांगलं कुत्र्याएवढं."

मुस्तकीमने ब्रश खाली ठेवला. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होत्या.

"तोंड काय पाडताय? चतुर राहू द्या. पाणमांजराला पलीकडच्या काठावर धाडा. लांबचं लहानच दिसतं ना?"

"ट्रकवर लांबचं काही नसतं गं."

"ट्रक आहे का हा?"

त्या मिशीवर निळा रंग फिरवताना त्याला खरंच वाईट वाटलं. पण पलीकडच्या काठावर मुठीएवढं पाणमांजर बसलं आणि मधे आपसूक नदी वाहायला लागली.

सकाळी राखी मॅडम आल्या. जवळ गेल्या, चार पावलं मागे सरकल्या. "केवढी नदी काढलीत हो!" म्हणाल्या, आणि भिंत त्याला देऊन टाकली.

ट्रकवर तो कोपऱ्यात 'मुस्तकीम पेंटर' एवढंच लिहायचा. इथे शेजारी 'हुस्नबानो' असंही लिहिलं. ब्रश तिने कधी हातात धरला नव्हता. तरी या दोन नावांना त्याने जुन्या सवयीने एकच माप लावलं, आणि या खेपेला कुणी चूक काढली नाही.