बाबांचं पुढचं वाक्य

आमच्या शाळेत फळा होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. वर्गाच्या मधोमध लांबट गोल मेज, भोवती बारा मुलं आणि तेराव्या खुर्चीवर सर. सर शिकवत नसत. एक प्रश्न टाकायचे आणि गप्प बसायचे. पुढचा पाऊण तास आम्हीच बोलायचं, एकमेकांना खोडायचं, तेही हात वर न करता. परराज्यातली, डोंगरावरची, बड्या घरच्या मुलांची ती निवासी शाळा. मी शिष्यवृत्तीवर कारापूरहून गेलेली. गोव्याची म्हटल्यावर ही समुद्रात पोहतच वाढली असणार, असं बाकीच्यांना वाटायचं. कारापुरात समुद्र कुठला, डोंबल! आमच्याकडे नारळी-पोफळींची कुळागरं आणि खाणीच्या ट्रकांची लाल धूळ.

पहिले तीन महिने माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मग एकदा एका मुलाचं लांबलचक बोलणं मी एका साध्या प्रश्नानं मोडलं. सरांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. झालं, मला चटक लागली! कोणी बोलू लागलं की मी ऐकायची ती त्याच्या बोलण्यातली फट शोधण्यासाठी. सरांचा पहिला नियम होता, बोलणाऱ्याला पुरतं बोलू द्या. तो मी खाली रेघ मारून लिहून घेतला होता. लिहून घेतला, एवढंच.

बाबा गावात मराठी शाळेचे मास्तर. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, आणि आरत्या, पोथी, पत्रं, वर्तमानपत्र सगळं मराठीत. त्यात काही वावगं आहे असं आमच्याकडे कोणालाच वाटत नसे. दुपारी शाळेतून आले की बाबांचा पहिला प्रश्न असायचा, "बाय, जेवलें गो?" मी जेवलेली असले तरी त्यांच्या ताटाशी पुन्हा बसायची.

त्या वर्षी भाषेवरून गोवा पेटला होता. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले. गावातही दोन तट पडले. सुट्टीत मी घरी आले तेव्हा देवळात मराठीच्या बाजूनं सभा ठरली होती, आणि बोलायचं होतं बाबांनी. दोन्ही तटांतली माणसं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गाव फुटू नये असं कोणी बोलू शकला तर मास्तरच, असं आई म्हणायची. बाबा उभ्या जन्मात सभेत बोलले नव्हते. तीन दिवस ते मागच्या अंगणात भाषण घोकत होते. मी आत पुस्तक वाचत पडलेली. मास्तरांचं भाषण, त्यात काय ऐकायचं!

सभामंडप गच्च भरला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. हातातला कागद त्यांनी उलगडला.

"मराठी आमची भाषा आहे," ते म्हणाले. "आमच्या आज्यापणज्यांनी हिच्यातच देवाला हाक मारली..."

मला फट दिसली. मी उठून उभी राहिले. "बाबा, एक विचारू?"

"अगो, बस खाली," पुढचा एक म्हातारा करवादला. बाबांनी त्याला हातानं थांबवलं आणि हसले.

"विचार गो बाय," ते म्हणाले, आणि लोकांना सांगितलं, "तिच्या शाळेत असंच शिकवतात." अभिमानानं सांगितलं हो त्यांनी!

"घरी आपण कुठल्या भाषेत बोलतो?"

बाबा खोटं बोलणारे नव्हेत. "कोंकणीत," ते म्हणाले.

मागून कोणीतरी खो खो हसलं. "मास्तर, घरच्याच पोरीनं आडवं केलं तुम्हांला!" दुसरा ओरडला, "मग जा, त्यांच्यातच जाऊन बसा!" एकच गलका झाला. बाबांनी दोनदा पुढचं वाक्य सुरू केलं, ते गलक्यात बुडालं. मग कागदाची घडी घालून खाली बसले. त्यांच्या जागी दुसरा एकजण उठला आणि कोंकणीवाल्यांना नाही नाही ते बोलला. त्यांच्यातली माणसं मास्तरांना ऐकायला म्हणून आली होती, ती उठून चालती झाली. आणि मी? सांगायला लाज वाटते, मी जिंकल्यासारखी बसले होते.

दुसऱ्या दिवशी आई नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढचं वाक्य तेच होतं त्यांचं. 'घरी आम्ही कोंकणी बोलतो, देवाशी मराठी. दोन्ही आमच्याच. एकीसाठी दुसरीला घराबाहेर काढू नका.' तीन दिवस घोकत होते. तुला एवढा दम निघेना गो?"

बाबा तेव्हा मागे पोफळींना पाणी सोडत होते. वीस पावलांवर. मी गेले नाही.

शाळेत परतल्यावर हा किस्सा मी मेजावर ऐटीत सांगितला. मुलांनी वाहवा केली. सरांनी विचारलं, "तुझे वडील पुढे काय म्हणणार होते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. सरांनी वहीत काही लिहिलं नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याशी मराठीत बोलू लागले. रागानं नव्हे, अगदी गोड. तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं. "झोप झाली का? काय वाचतेस?" आईशी कोंकणी, पाववाल्या पोदेराशी कोंकणी, गोठ्यातल्या गाईशीसुद्धा कोंकणी. माझ्याशी तेवढं मराठी. 'बाय' तर गेलंच. पुढे भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, अबोला धरलेले भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले. आमच्या घरात ते तसंच राहिलं. असं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. प्रश्न विचारण्यात एवढी पटाईत मी!

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी, पेज भरवून झाल्यावर, मी धीर केला. कोंकणीत म्हणाले, "बाबा, त्या दिसा हांवें तुका उलोवंक दिलें ना. चुकलें म्हजें." त्यांना बोलू दिलं नाही, एवढ्यावरच थांबले नाही, आणखीही पुष्कळ बोलले. सरांना खोटं सांगितलं तेही सांगितलं. रडले. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. तू जेवलीस का?"