धूर नसलेलं घर

जव्हार संस्थान विलीन झालं आणि खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावर शाळा निघाली. मास्तर म्हणून मला धाडलं. “पोरं टिकली तरच शाळा टिकेल,” असं साहेबांनी निघताना बजावलं होतं.

स्वयंपाकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चूल फुंकणं हे काय पुरुषाचं काम, असा वर तोराही होता. जव्हारहून टोस्टचा डबा, खारी, चिवडा आणि चहापुरता स्टोव्ह आणला होता. आपली हुशारी आपल्यालाच पसंत!

पहिले आठ दिवस पोरं हौसेनं आली. मग घरून मला आईचं पत्र आलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आणि फळा. शाळा बुडाली म्हणून मी पार हबकलो. चिडलोही.

दुपारी शेजारची मावशी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आली. टोपलीत नागलीच्या भाकरी आणि उडदाचं कालवण. तिघंही समोर बसली. मी आडवा हात मारला. तिसऱ्या भाकरीला मावशीनं डोळे पुसले.

“खा बाबा. कोन गेला तुझा?”

“माझा? कुणीच नाही!” मी म्हणालो.

“चिठी आली, अन् छपरातून धूर नाय. मयताच्या घरी चूल नाय पेटत. पोरांना सांगितला, गुरुजी दुखात हाय, जाव नका.”

आई ठणठणीत आहे, असं सांगून मी ओशाळून टोस्टचा डबा पुढे केला. मावशीनं एक चावून पाहिला.

“हा तं वाळला लाकूड!”

म्हातारे पोट धरून हसले. मावशीनं तिथंच माझी चूल पेटवली. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळायचं, हे तिनं शिकवलं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडताच तुकडे तुकडे झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकट्यानं चूल फुंकली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, खोकत बाहेर आलो, तर दारात सगळी पोरं पाटी घेऊन उभी! उरलेले टोस्ट त्यांनीच फस्त केले. मी परत कधी आणले नाहीत.

काही वर्षांनी मोखाड्याला बदली झाली. चढावर पोचल्यावर मागे वळून पाहिलं. सगळ्या छपरांतून धूर निघत होता, माझ्या तेवढ्या छपरातून नव्हता. तेव्हा मात्र मी खरंच रडलो.