सव्वीस नंबरचा खडक

"आधी मोजू, मंग पाहू." चष्मा कपाळावर सरकवून साहेब असं म्हणाले, की आपला रविवार गेला हे मी ओळखायचो.

दुसरबीडला आमच्या शेजारी राहणारे हे साहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. हृषीकेशला उसळत्या पाण्यातून जाणाऱ्या रबरी होड्या त्यांनी पाहिल्या. पण वय ऐकून त्यांना कोणी बसवून घेतलं नाही. ते त्यांना फार लागलं. घरी येऊन त्यांनी होडी आणि दोन वल्ही मागवली. धरणाचं पाणी सुटलं की आपल्या खडकपूर्णेतून एकदा तरी तसं जायचंच! सोबतीला मी, शाळेतला सर, कारण शेजारधर्म.

तुम्ही विचाराल, मग गेलात का? कसले जाता! अख्खा उन्हाळा कोरड्या पात्रात गेला. मी टेपचं टोक धरायचं आणि साहेबांनी एकेका खडकावर ऑइलपेंटने नंबर टाकायचा.

"होडीत बसल्यावर तुमी नंबर वाचा. सव्वीसले डावीकून काढाचं."

मी थर्मासला हात लावला की लगेच, "चहा शेवटच्या खडकावर, सर!" दर रविवारी मोजणी पुन्हा एक नंबरपासून; तिसाव्या खडकापर्यंत माझं डोकं तापायचं आणि मी रागारागाने घरी परतायचो. पुढचे खडक ते एकटेच मोजायचे.

पावसाळ्यात पाणी सुटलं. डोक्यावर होडी घेऊन आम्ही काठावर पोहोचलो, तर नंबरांसकट सगळे खडक बुडालेले.

"सव्वीस कुठं गेला?" साहेब भांबावले.

"पाण्याखाली! दुसरं काय होणार होतं?" मी खेकसलो.

"मंग जरा उतरू द्या."

उतरलं, तेव्हा होडी तरंगण्याइतकंही पाणी उरलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी काठावर बांबू रोवून तेच नंबर लिहिले. ही युक्ती चालली असती, हे मी कबूल करतो. पण पाणी सुटलं तेव्हा साहेब छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. "यंदा राहू द्या, सर. खडक काय पयून जाते?"

खडक राहिले, साहेब गेले.

या उन्हाळ्यात मी एकटाच पात्रात उतरलो. शेळ्या चारणारी बाई दुसरीला ओरडून सांगत होती, "अकरा नंबरपाशी ये वो!" मी तिसाव्या खडकाच्या पुढे पहिल्यांदाच गेलो, थेट शेवटपर्यंत. शेवटच्या खडकावर नंबर नव्हता. सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'सरांचा चहा'.

आणि नेमका मी थर्मास घरी ठेवून आलो होतो.