पेटीतलं दहावं डाळिंब

माझा पहिला विषय मराठी आणि दुसरा आंतरराष्ट्रीय व्यापार. सोलापूरला कॉलेजात असताना हे सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे नक्की करणार काय?" आमच्या मोहोळकडच्या गावात कुणी विचारायच्याही भानगडीत पडत नसे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं म्हणून आत्या मोकळी झाली होती. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

मराठी आवडीचं होतं म्हणून घेतलं. व्यापार घेतला तो नुसता कुतूहलापोटी, पण मग तोही मनात भरला. आपल्या बांधावरनं निघालेलं फळ समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी ताटात जातं, आणि त्यासाठी एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, याचं मला फार नवल वाटायचं.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचं काडीचंही नवल नव्हतं. व्यापाराचे तास दुपारनंतर असायचे. एसटी गावच्या फाट्यावर पोचेपर्यंत अंधार पडायचा आणि दिवसभर बागेत राबलेले दादा मोटरसायकल घेऊन तिथं थांबलेले असायचे. घरापर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणायचे, "एक डिग्री बास हाय की."

शेवटी आमच्यात एक अट ठरली. त्या वर्षीच्या प्रकल्पात प्रत्येकानं निर्यातीच्या नियमानं एखाद्या मालाचा नमुना बांधून आणायचा होता. तपासायला फळं निवडून परदेशी पाठवायच्या पेट्या भरणाऱ्या एका पॅकहाऊसचे साहेब येणार होते, आणि ज्याचा नमुना पास होईल त्याला ते सुट्टीत कामाचं प्रशिक्षण देणार होते. "त्यांनी तुला घेतलं तर शिक फुडं. न्हाय घेतलं तर दुसरा इषय सोडायचा," दादा म्हणाले. मी तोऱ्यात हो म्हणाले. घरची डाळिंबाची बाग असताना मला कसली भीती!

नमुन्याच्या दिवशी सकाळी आई आणि मी अंगणात पुठ्ठ्याच्या पेट्या मांडून बसलो. खाली कातरलेल्या कागदाची गादी, वर नऊ फळं, आणि फळाला फळ घासता कामा नये. आईला मी हे सगळं धडा शिकवल्यासारखं सांगितलं. ती "व्हय, व्हय" म्हणत एकेक डाळिंब लुगड्याच्या पदरानं पुसत होती. पेट्या भरून झाल्या तशी मी आंघोळीला पळाले. झाकणं चिकटवायचं काम आईनं केलं.

दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये साहेबांनी माझी पहिली पेटी उघडली. आत दहा फळं होती. दहावं मधोमध रेटून बसवलेलं. एसटीच्या हादऱ्यांनी त्याचा टोकदार मुकुट शेजारच्या फळाच्या सालीत रुतला होता आणि कागद लालभडक झाला होता. दुसऱ्या पेटीतही तेच. तिसरी उघडायच्या आधीच मला कळलं होतं.

आमच्या घरातनं काहीच नेमकं मोजून बाहेर जात नाही. शेजारी ज्वारी मागायला आला, तर माप भरून झाल्यावर दादा पसाभर वर घालतात. दूध दिलं तर घोटभर वर. नुसतं मापाएवढं देणं म्हणजे आमच्याकडं हात आखडता घेणं. आईनं प्रत्येक पेटीत एक फळ वर घातलं होतं.

"हे जास्तीचं कसं काय?" साहेबांनी विचारलं.

"आईनं घातलं. आमच्यात वर एक देतात."

मागं कुणीतरी खिदळलं. साहेब हसले नाहीत. "माझी आईही द्यायची," ते म्हणाले. "पण बाळ, तिकडं पेटी उघडणाऱ्याला वर घातलेलं फळ दिसत नाही. त्याला फुटलेलं दिसतं."

नमुना नापास झाला.

एसटीत मी सगळा वेळ आईला काय काय बोलायचं ते घोकत होते. फाट्यावर दादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि किक मारली. घरात पाऊल टाकताच आई म्हणाली, "आवडली का गं फळं?"

"तुला कुणी सांगितलं होतं दहावं घालायला?" मी ओरडले.

तिचा चेहरा उतरला. "नुसतं मोजून कसं द्यायचं गं? परमुलखातली मानसं ती. काय म्हणली असती आपल्याला?"

घोकलेलं सगळं मी विसरले. मला रडू फुटलं. स्वतःचं वाईट वाटत होतंच, पण तिचं जास्त वाटत होतं.

जेवायला बसल्यावर दादा म्हणाले, "ठरल्यालं ते ठरल्यालं. आता दुसरा इषय बंद."

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "तुमी ज्वारीवर पसाभर घालताय. घेणाऱ्याच्या हातनं ती सांडली, तर पसा माघारी मागताय का?"

"त्येचा हितं काय संबंद?"

"पोरीला एक इषय शिकवला, ते माप झालं. ह्यो दुसरा वर घातल्याला हाय. वर घातल्यालं माघारी घेत न्हाईत आपल्यात. आन सांडलं ते माझ्या हातनं, तिच्या न्हाय."

दादांनी भाकरी मोडली. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाराच्या तासाला बसले खरी, पण लक्ष लागेना. अंधार पडता पडता फाट्यावर उतरले. मोटरसायकल रोजच्या जागी उभी होती. मी मागं बसले. किक मारायच्या आधी दादा मान न वळवता म्हणाले, "आज काय शिकवलं?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. घर येईपर्यंत मी सांगत होते.