पटलावर

एका मराठी दैनिकाच्या ठाण्यातल्या कचेरीत मी उपसंपादक आहे. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या मराठीत करणं हे माझं काम. त्याशिवाय रोज एक चौकट लिहिते: एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ, एक उदाहरण. साठ शब्दांत. इंग्रजीत माणसाचे पाय गार पडतात तेव्हा तो आजारी नसतो, ऐनवेळी कचरलेला असतो. असं काहीबाही.

माझा मोठा भाऊ मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगांच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं होता. मराठी शाळा, मग आयटीआय, मग थेट प्लँट. त्याच्या लॉकरच्या दाराला आतून माझ्या चौकटीची कात्रणं चिकटवलेली असायची. त्यातला एकही वाक्प्रचार त्याला आठवत नसे. "खाली तुझं नाव येतं ना," एवढंच म्हणायचा.

कारखाना एका अमेरिकी कंपनीने विकत घेतला. उत्पादन गुजरातला जाणार आणि मानपाड्यात फक्त तपासणी विभाग राहणार, असं कळलं. दादाने त्या विभागात बदली मागितली. अर्ज इंग्रजीत हवा होता. तो मी लिहून दिला. दोन आठवड्यांनी उत्तराची मेल आली. तिची प्रिंट काढून दादाने ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि रविवारपर्यंत तशीच ठेवली. फोनवर वाचून दाखव म्हटलं तर म्हणाला, "नको. तू ये, समोर बसून वाच. मी काहीतरी भलतंच वाचेन."

रविवारी मी डोंबिवलीला गेले. वहिनी जमिनीवर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. मेल चार ओळींची होती. तिसरी ओळ महत्त्वाची: आपल्या विनंतीवर आढावा बैठकीत विचार झाला आणि ती टेबल्ड करण्यात आली आहे.

टेबल्ड हा माझ्या रोजच्या वापरातला शब्द. अधिवेशन सुरू असलं की दिवसातून दहादा समोर येतो. अहवाल टेबल झाला म्हणजे सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला. मी दादाला तेच सांगितलं.

"पटलावर ठेवलाय तुझा अर्ज."

"म्हणजे?"

"म्हणजे रीतसर मांडला गेलाय. आता त्यावर निर्णय होणार."

"नक्की ना?"

"अरे, माझं कामच आहे हे."

वहिनीने वालाचं साल ताटलीच्या कडेला पुसलं. "कधी होणार ते लिहिलंय का?"

"तारीख नाहीये. पण एकदा पटलावर आलं की होतं."

नवशिक्या वार्ताहराने तारखेशिवाय बातमी दिली की मी ती परत पाठवते. त्या दिवशी तारीख वहिनीने विचारली, मी नाही.

बदलापूरच्या वसाहतीत दादाच्या जुन्या सहकाऱ्याने स्वतःचा छोटा कारखाना काढला होता. देखरेखीला त्याला अनुभवी माणूस हवा होता आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. दादाने सोमवारची वाट पाहिली नाही. माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

"नाही रे, माझं इथेच होतंय. पटलावर आलंय. अरे, बहीण पेपरात आहे ना, तिने स्वतः वाचलं. हो हो. तू दुसरा बघ कोणी."

फोन ठेवून त्याने मला जेवूनच जा म्हणून बजावलं. बिरडं चांगलं झालं होतं.

महिन्याभराने तपासणी विभागात राहणाऱ्यांची यादी लागली. दादाचं नाव तीत नव्हतं. तो एचआरच्या बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं तर तेव्हाच बाजूला ठेवलेलं. मेल नव्हता मिळाला?" मिळालेला, असं सांगून तो घरी आला. बदलापूरला फोन केला. ती जागा भरली होती.

दादाची मुलगी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात अमेरिकी ग्राहकांचं काम बघते. रात्रपाळीमुळे ती दिवसा झोपते. मी मेल वाचली त्या रविवारीही आतल्या खोलीत झोपली होती. यादी लागल्यावर दादाने फोल्डर तिच्या हातात दिला. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती जागी होती.

"आत्या, अमेरिकेत टेबल केलं म्हणजे बाजूला टाकलं. आमचा क्लायंट लेट्स टेबल इट म्हणाला की आम्ही तो विषय परत काढतच नाही."

"ब्रिटिश इंग्रजीत बरोबर उलटं आहे," मी म्हणाले. "आपल्याकडे तेच चालतं."

"तुझं बरोबरच आहे गं. पण कंपनी अमेरिकेची आहे ना."

"मग तू तेव्हा का नाही सांगितलंस?" वहिनीने तिला विचारलं.

"मला दाखवलं कोणी? सगळे आत्याची वाट बघत होते."

दादा टीव्ही बघत होता. आवाज कमी न करता म्हणाला, "जाऊ दे. अर्थ बरोबर होता, देश चुकला." आणि एकटाच हसला.

वहिनी हसली नाही. एरवी ती मला नावाने हाक मारते. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, चहा घेणार, की तोही पटलावर ठेवू?"

तेव्हापासून त्या घरात हा वाक्प्रचार रूढ झाला आहे. गळका नळ पटलावर असतो, गावी जाणं पटलावर असतं. अर्थ अमेरिकी.

इंग्रजी टेबल्डच्या त्या दुसऱ्या अर्थाला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे, बासनात गुंडाळणे. कचेरीत मी जुने अंक काढून पाहिले. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळात बासनात गेलेलं विधेयक मी दोनदा "मांडलं" होतं. एकाही वाचकाचं पत्र आलं नव्हतं. खुलासा छापायचा का, असं वृत्तसंपादकांना विचारलं.

"कोणी मेलं का त्याने?" ते म्हणाले. "मग सोड."

मी चुकले नव्हते, असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आपल्या विधिमंडळापुरतं ते खरंही होतं. मग मी टेबल या शब्दावर चौकट लिहिली. दोन देश, दोन अर्थ. उदाहरणाला एका कामगाराचा बदलीचा अर्ज घेतला. सगळं साठ शब्दांत बसलं. माफीचे दोन शब्द तेवढे बसले नाहीत. ते बसवून पाहिले होते, असंही नाही.

दादा आता टिटवाळ्याला एका नव्या इमारतीच्या बांधकामावर असतो. सिमेंट-सळ्यांचे ट्रक आत घ्यायचे, रिकामे बाहेर काढायचे. हुद्दा सुपरवायझरचा, गळ्यात शिट्टी. चौकट छापून आली त्या दिवशी त्याने तिथून फोन केला.

"आजची वाचली."

"हं."

"उदाहरण चांगलं घेतलंयस. कोणालाही कळेल असं आहे."

"दादा, मी तेव्हा..."

"ट्रक आलाय गं. ठेवतो."

पेपर तो अजूनही घेतो. कात्रणं कापत नाही. लॉकर उरला नाही तर चिकटवणार कुठे, असं वहिनी म्हणते. घरात आलेला इंग्रजी कागद मुलगी उठेपर्यंत टीव्हीशेजारी पडून असतो. मी समोर बसलेली असले तरी.