कारभारणीचं शेत

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि शाळा म्हणाल तर चौथीपर्यंतची. खानापूर तालुक्यातून गलाईच्या, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या कामाला मद्रासला आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आता दुकान थोरला बघतो. मी मद्रासातल्या अंबत्तूरच्या घरी बसून खेळाचा सर्व्हर चालवतो. हसणाऱ्यानं हसावं.

सर्व्हर म्हणजे दुकानातला जुना कॉम्प्युटर. ठोकळे रचून घरं बांधायची, शेतं पिकवायची, असला खेळ आहे. त्यातलं आमचं एक जग या मशिनात राहतं आणि विट्याच्या लेकीची पोरं संध्याकाळी त्यात येतात. सुरुवात केली आमच्या कारभारणीनं. माडीवर भाड्यानं राहणारी साताऱ्याची इंजिनियर पोरगी तिला शिकवायची, आणि ही चष्मा सावरत गहू पेरायची. "जन्म गेला गल्लीत, इथं तरी रान असू दे," म्हणायची. मी चिडवायचो, "शेतसारा भरलास का गं?"

ती गेली. मग मी शिकलो. बंद पडू दिला नाही.

अडचण मेमरीची. सगळी मिळून चार जीबी, आणि दुसरी बसवायची खाच जळलेली. नवं मशीन घ्या म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं. हिनं ज्यावर पेरलं ते हेच, मी दुसरं कशाला घेऊ? लांबचं दिसणं कमी केलं की मेमरी वाचते, म्हणून मी ते कमी करत गेलो. तसतसं खेळातलं धुकं जवळ आलं. शेवटी समोरचं झाड सोडलं तर सगळं पांढरं. तरी भागेना. पोरं जमली की सर्व्हर मान टाकायचा. नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, आम्ही दुसरीकडं खेळू का?" ते मला लागलं.

माडीवरच्या पोरीला खाली बोलावलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"काका, जिथं कुणी उभं नसतं तो भाग मशीन मिटून ठेवतं. मिटला की तिथं काही हलत नाही, वाढत नाही. तुमच्याकडं दोन भाग मिटतच नाहीत. एक तुमची भट्टी."

"ती मीच उघडी ठेवायला लावलीय." धा-बारा चुली, गाड्या, धुराडी. दिवसभर धडधडत असायची. एकेक ठोकळा मी रचलेला.

"दुसरं काकूंचं शेत. ते कुणी उघडं ठेवलंय?"

"कुणी नाही."

"मग काहीतरी अडकलंय तिथं. दोन्हींतलं एक काढा, नाहीतर असंच चालणार."

ती ऑफिसला गेली. भर दुपारी मी शेताकडं निघालो. कारभारणीचं तेरावं झाल्यावर एकदाच गेलो होतो. पिकलेलं कापून, पुन्हा पेरून आलो होतो. त्यानंतर धीर झाला नाही. भाग उघडा राहिला तर गहू पिकेल, पण कापायला आणि पुन्हा पेरायला माणूसच लागतो.

धुक्यातून बांध दिसला. गहू पिवळाधमक उभा होता. कडेची एक ओळ कापून पुन्हा पेरलेली, तिला नुकते कोंब आलेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता तरी मानेला घाम आला. मी तसाच मागं फिरलो.

विट्याला फोन लावला. नात होती.

"आजीच्या शेतात कापणी कोण करतं गं?"

"आम्ही नाही जात तिकडं."

"का?"

"तुम्ही असता ना. पाठमोरे. हाक मारली तरी वळत नाही. दादा म्हणाला, आजोबा रागावलेत."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला.

संध्याकाळी पोरीला सांगितलं. आधी हसली. मग आत कोण कोण येऊन गेलं ते तिनं तपासलं. आमच्याखेरीज कुणी नाही, आणि तेराव्यानंतर शेतात कुणीच शिरलेलं नाही. तिचं हसू मावळलं.

"काढूनच टाकू, काका. काढलं की ती जागा नव्यानं तयार होते, साधं रान येतं. अडकलेलं सुटेल."

"सुटून कुठं जाईल?"

ती माऊसकडं हात नेऊ लागली. मी म्हटलं, "सकाळी मी बघतो. तू हात लावायचा नाहीस."

"घाबरलात होय?"

"घर माझं आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या आधी सर्व्हर बंद केला आणि माझी भट्टी काढून टाकली. चुली, धुराडी, सगळी. मग चालू केला. शेत बघायला गेलो नाही. लेकीला फोन करून सांगितलं, संध्याकाळी पोरांना बसव, आज बंद पडायचा नाही. आणि म्हणावं, आजीच्या शेताकडनं गेलात तर हाक मारू नका. कापणीचे दिवस आहेत.