कागदावरचा उतार

महाडच्या एका कचेरीपुढचा, चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार मी ओव्हरसियर असताना बांधून घेतला. जागा अपुरी होती, म्हणून तो फार उभा झाला. तरीही मी सही केली.

नाते गावचा एक माणूस चाकाच्या खुर्चीवरून तिथे यायचा. खुर्ची खाली सोडून, हातांत चपला घालून, सरपटत पायऱ्या चढायचा. एकदा मी म्हणालो, "अहो, तुमच्यासाठी उतार केलाय ना?"

तो हसला. "उतार तुमच्या कागदावर, साहेब. मला तो चढच हाय. खुर्ची मागं उलटते."

त्याच्यासमोर येणं टाळायला मी निवृत्तीपर्यंत मागच्या दाराने जात राहिलो.

यंदा नव्या इंजिनिअरला माझी चूक मीच सांगितली. जुना उतार फोडला. नव्याचं काँक्रीट पडण्याआधी त्याच मापाने फळ्या टाकून आम्ही त्या माणसाला चढून पाहायला बोलावलं. तो एकटा वर गेला. मधल्या वळणावरच्या सपाट जागेवर चाकं सोडून त्याने निवांत तंबाखू मळली. मी खाली काठी टेकून उभा होतो.

"या की, साहेब," तो म्हणाला. "तुमचे पण गुडघे गेलेत. आता पायऱ्या सोडा, तुम्हाला पण उतारच हाय."

इतक्या वर्षांत उतारावर स्वतः चढून पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.